ग्वार्नेरी ‘देल जेझू’च्या व्हायोलिनांतील ओबडधोबडपणा: घाई, हलगर्जी की पद्धत?

सागवान (प्रश्न)

नमस्कार. नागपुरात महाल भागात आमचे सागवानी फर्निचरचे पिढीजात दुकान आहे आणि काही वर्षांपासून मी संध्याकाळी व्हायोलिन शिकतो. शिक्षण हिंदुस्थानी पद्धतीचे असल्यामुळे मांडी घालून बसून, वाद्याचे टोक उजव्या पावलावर टेकवून वाजवावे लागते. साहजिकच त्या टोकावरचा कोरीव वळसा, म्हणजे स्क्रोल, सतत नजरेसमोर राहतो आणि सुताराच्या घरात वाढल्यामुळे तो कसा कोरला असेल याचा विचार मनात येतोच.

अलीकडे इटलीतील क्रेमोना येथील जुझेप्पे ग्वार्नेरी, ज्याला ‘देल जेझू’ म्हणतात, त्याच्या वाद्यांची मोठ्या आकारातील छायाचित्रे मी बारकाईने पाहिली. 1740 नंतरची व्हायोलिने पाहून मी खरोखर चक्रावलो. वरच्या फळीतील एफ अक्षराच्या आकाराची दोन्ही छिद्रे, म्हणजे एफ-छिद्रे, एकसारखी नाहीत, काही वाद्यांत एक छिद्र दुसऱ्यापेक्षा वर बसले आहे, स्क्रोलची डावी बाजू उजवीशी जुळत नाही आणि हत्यारांच्या खुणा पुसण्याचीही तसदी घेतलेली दिसत नाही. आमच्या दुकानातून असा कोरीव दरवाजा बाहेर पडला असता, तर गिऱ्हाईकाने तो त्याच हातगाडीवरून परत पाठवला असता. तरीही पागानिनीसारख्या वादकाने अशाच एका वाद्यावर जन्म काढला आणि आजही ही व्हायोलिने क्रेमोनाच्याच स्त्रादिवारी या कारागिराच्या व्हायोलिनांच्या बरोबरीने, कधी त्यांच्याही वर गणली जातात, हे कसे?

याची तीन स्पष्टीकरणे माझ्या कानावर आली आहेत. पहिले असे, की हा कारागीर तुरुंगात होता आणि तेथे मिळेल त्या लाकडावर, मिळेल त्या हत्याराने काम करीत होता. दुसरे, तो दारूच्या आहारी गेला होता. तिसरे म्हणजे हा ओबडधोबडपणा मुद्दाम ठेवलेला असून आवाजाचे रहस्य त्यातच आहे. यांपैकी कशाला आधार आहे?

प्रश्नाला एक व्यावहारिक बाजूही आहे. स्प्रूस आणि मेपलच्या फळ्या मागवून मी स्वतः एक व्हायोलिन घडवायला घेतले आहे. आमच्या धंद्यात गुण्या लावून, सूत न् सूत जुळवून काम करण्याची सवय लागलेली असते. या कामात काटेकोरपणा कोठे अनिवार्य आहे आणि कोठे तो नुसता डोळ्यांच्या समाधानासाठी आहे, हे जाणकारांनी सांगितल्यास आभारी राहीन.

जुना गज

आपल्या तीन स्पष्टीकरणांपैकी पहिल्या दोनांना कागदोपत्री आधार नाही आणि तिसरे अर्धवट आहे. मात्र त्याआधी हा माणूस कोण होता, हे थोडे विस्ताराने सांगावे लागेल, कारण आपल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्याच्या घराण्यातच दडलेले आहे.

सोळाव्या शतकात क्रेमोनामध्ये व्हायोलिन घडवणे ही आमाती या एकाच घराण्याची मिरासदारी होती. 1630 च्या प्लेगच्या साथीत घरातील वडीलधारे गेले आणि निकोलो आमाती हा जवळजवळ एकटाच कारागीर उरला. कामे तर येत होती, पण हाताखाली घरचा माणूस नव्हता, म्हणून त्याने घराण्याबाहेरची मुले शिकायला ठेवली. आंद्रेआ ग्वार्नेरी हा त्यांपैकीच एक, आपल्या ग्वार्नेरीचा आजोबा. आंद्रेआने पुढे स्वतःचे घर केले. त्याचा थोरला मुलगा पिएत्रो मांतुआला निघून गेला आणि धाकट्या जुझेप्पेने वडिलांची कार्यशाळा चालवली. या जुझेप्पेची दोन मुले याच धंद्यात आली. थोरला, त्याचेही नाव पिएत्रोच, व्हेनिसला गेला. धाकटा, बापाचेच नाव लावणारा जुझेप्पे, म्हणजे आपला देल जेझू. त्याचा जन्म 1698 चा आणि मृत्यू 1744 च्या ऑक्टोबरमधला, म्हणजे त्याला अवघे 46 वर्षांचे आयुष्य मिळाले. सॅन दोमेनिको चर्चच्या परिसरात ग्वार्नेरींचे घर होते आणि तेथून हाकेच्या अंतरावर अंतोनियो स्त्रादिवारीचे, जो 1737 मध्ये नव्वदी ओलांडून वारला. एक शेजारी सत्तर वर्षे काम करीत राहिला आणि दुसऱ्याला स्वतःच्या नावाची चिठ्ठी लावून काम करायला जेमतेम चौदा वर्षे मिळाली, हे दोघांची तुलना करताना विसरता कामा नये.

1722 मध्ये कातारिना रोटा हिच्याशी त्याचा विवाह झाला आणि त्याच सुमारास तो वडिलांच्या घरातून वेगळा झाला. त्यानंतरच्या काही वर्षांतील त्याच्या कामाचा माग फारसा लागत नाही. 1731 पासून मात्र त्याच्या वाद्यांत ती प्रसिद्ध चिठ्ठी दिसू लागते, जिच्यावर क्रूस आणि येशूच्या नावाची ‘आयएचएस’ ही अक्षरे छापलेली असतात. ‘देल जेझू’ हे टोपणनाव त्यावरूनच पडले. त्याची आज ज्ञात असलेली व्हायोलिने साधारण दीडशेच्या घरात आहेत, तर स्त्रादिवारीची सर्व प्रकारची मिळून साडेसहाशेच्या आसपास वाद्ये शिल्लक असल्याचे मानले जाते.

आता तुरुंगाची कथा. जेलरची मुलगी त्याला लाकडाचे तुकडे आणि व्हार्निश आणून देत असे, अशी ती रंगवून सांगितली जाते. कथा म्हणून ती चांगली आहे, परंतु 1731 पासून मृत्यूपर्यंतच्या त्याच्या वाद्यांची साखळी इतकी सलग आहे की दीर्घ कारावास तीत बसवायला जागाच उरत नाही. दारूचेही तसेच. कलंदर कलावंताची प्रतिमा एकोणिसाव्या शतकाला फार प्रिय होती आणि ती या बिचाऱ्याच्या गळ्यात मारली गेली, असे माझे स्पष्ट मत आहे.

स्क्रोलविषयी मात्र एक विलक्षण गोष्ट अभ्यासकांच्या ध्यानात आली आहे आणि ती आपल्याला सुतार म्हणून नक्की आवडेल. 1730 ते 1740 या दशकातील देल जेझूच्या पुष्कळ वाद्यांचे स्क्रोल त्याच्या हातचे वाटतच नाहीत. धड मुलाने घडवलेले आणि मानेवरचा वळसा वडिलांच्या हातचा, असा तो प्रकार आहे. वडील तेव्हा साठी उलटलेले होते, कार्यशाळेचा भार त्यांनी सोडला होता, पण स्क्रोल कोरण्याचे सुटे काम ते मुलासाठी करीत असावेत, असे आता बहुतेक तज्ज्ञ मानतात. 1740 च्या सुमारास वडील वारले आणि त्यानंतर स्क्रोलचे रूप एकदम पालटले: खोल, बेफिकीर, दोन्ही बाजूंना वेगवेगळे. आपण पाहिलेली छायाचित्रे याच शेवटच्या चार वर्षांतील असणार. म्हणजे ज्याला आपण कारागिराचा बदललेला स्वभाव समजतो, त्याचा काही भाग तरी घरातला एक जुना हात थांबल्याचा परिणाम आहे.

गिऱ्हाईक कोण होते, हेही पाहावे लागते. स्त्रादिवारीने 1690 मध्ये फ्लोरेन्सच्या मेदिची राजपुत्रासाठी वाद्यांचा संच घडवला. असल्या गिऱ्हाइकाला वाद्य वाजण्याआधी दिसावे लागते. देल जेझूकडे दरबारी मागण्या आल्याचे दिसत नाही. त्याची वाद्ये त्याच्या हयातीत सामान्य वादकांकडे गेली असावीत आणि अशा वादकाला स्क्रोलच्या दोन्ही बाजू जुळतात की नाही यापेक्षा किंमत आणि आवाज यांची चिंता अधिक. पॅरिसमध्ये 1782 पासून व्हिओत्ती या वादकाने स्त्रादिवारीच्या व्हायोलिनांचा डंका पिटला, तेव्हाही देल जेझूचे नाव फारसे कोणाच्या तोंडी नव्हते. ते झाले पागानिनीमुळे. 1743 चे ते व्हायोलिन तरुणपणी त्याला लिव्होर्नोमधील एका फ्रेंच व्यापाऱ्याकडून भेट मिळाले. वाद्याच्या दणदणीत आवाजामुळे पागानिनीने त्याला ‘कान्नोने’, म्हणजे तोफ, असे नाव दिले आणि मृत्युपत्राने ते जेनोआ शहराला देऊन टाकले. 1840 मध्ये पागानिनी वारला. वाद्य आजही जेनोआच्या नगरपालिकेच्या ताब्यात आहे.

कानस

इतिहास वर उत्तम आला आहे, म्हणून मी केवळ लाकूडकामाच्या बाजूने लिहितो. विदर्भातील वादकांची व्हायोलिने दुरुस्त करणे हे माझे काम आहे आणि फावल्या वेळात नवीही घडवतो.

फर्निचरवाल्याला क्रेमोनाची पद्धत प्रथम उलटी वाटते. आपण आधी चौकट आखतो आणि तिच्यात सगळे बसवतो. तेथे लाकडाचा एक साचा वाद्याच्या पोटात असतो आणि वाद्य त्याच्याभोवती वाढते. स्त्रादिवारीचे असे अनेक साचे क्रेमोनाच्या संग्रहालयात आजही पाहायला मिळतात. साच्याच्या खाचांत सहा ठोकळे हलके चिकटवतात, ठोकळ्यांना आकार देतात, मग सुमारे एक मिलिमीटर जाडीच्या मेपलच्या पट्ट्या तापलेल्या लोखंडावर वाकवून त्या ठोकळ्यांना सरसाने जोडतात. ही कडेची भिंत तयार झाली की ती फळीवर ठेवून तिच्या बाहेरून रेघ मारतात आणि त्या रेघेवरून वरच्या व खालच्या फळीचा आकार ठरतो. पट्टी वाकताना थोडी इकडेतिकडे झाली, तर रेघही तशीच येते आणि फळीही तशीच कापली जाते. त्यामुळे एकाच साच्यातून निघालेली दोन व्हायोलिने तंतोतंत सारखी कधीच नसतात. डावी बाजू उजवीचे प्रतिबिंब नसणे, ही या पद्धतीची जन्मखूण आहे. स्त्रादिवारीच्या वाद्यांतही ती आहे, फक्त त्याने ती झाकली.

आता एफ-छिद्रांकडे येऊ. स्प्रूसच्या वरच्या फळीला जवळून पाहिलेत तर उन्हाळ्याच्या अखेरीस वाढलेल्या गडद, कडक रेषा आणि त्यांच्यामध्ये वसंतात भराभर वाढलेला मऊ, फिकट भाग दिसतो. चाकू या रेषांना आडवा जाऊ लागला की कडक रेषेवर अडतो आणि मऊ भागात एकदम धावतो. नवशिक्या येथे घाबरतो, चाकू मागे घेतो, पुन्हा तेथेच लावतो आणि मऊ भाग कापला न जाता चेपला जातो. ती कड नंतर कितीही कानसली तरी कुसकरल्यासारखी दिसते. देल जेझूच्या छिद्रांची चांगली छायाचित्रे पाहिली तर टोके अणकुचीदार, बाक थोडा विचित्र, पण कड मात्र स्वच्छ कापलेली दिसते. हा माणूस वेगाने काम करीत होता, धारदार चाकूने एकाच दमात कापत होता आणि कापून झाल्यावर मागे वळून पाहत नव्हता. दारुड्याच्या हातून अशी कड निघत नाही, हे आपण दोघे तरी एकमेकांना शपथेवर सांगू शकतो.

जे डोळ्याला दिसते आणि कानाला जाणवत नाही, तेथे त्याने वेळ वाचवला, असे मला त्याच्या कामावरून वाटते. स्क्रोल आवाजाला जवळजवळ काहीच देत नाही. कडेने बसवलेली तीन पदरी बारीक पट्टी, जिला पर्फलिंग म्हणतात, तिचे कोपऱ्यातले टोक सुबक जुळले काय आणि न जुळले काय, वाद्य तेच बोलते. परंतु फळीचा फुगवटा पाहा. तो बसका आणि भक्कम आहे, मध्यापासून कडेपर्यंत त्याची उतरण कोठेही अडखळत नाही. पाठीची फळी अनेकदा समकालीनांपेक्षा जाड ठेवलेली असते आणि ‘कान्नोने’ची पाठ तर नेहमीच्या मापांपेक्षा बरीच जाड आहे. हे अपघाताने होत नाही. मेपलची पाठ पोखरताना हात थांबवायला धैर्य लागते, कारण अजून थोडे काढले तर वाद्य अधिक मोकळे वाजेल, असा मोह प्रत्येक कारागिराला होतो.

एक सावधगिरीची सूचना. आज त्या काळातील जवळजवळ कोणतेही व्हायोलिन मूळ अवस्थेत राहिलेले नाही. सुरांची पट्टी चढत गेली, सभागृहे मोठी झाली आणि एकोणिसाव्या शतकात या वाद्यांच्या माना काढून अधिक लांब, मागे कललेल्या बसवल्या गेल्या, पोटातील बास-बार, म्हणजे वरच्या फळीला आतून चिकटवलेली आधारपट्टी, बदलून मोठा घातला गेला. काही फळ्या नंतरच्या दुरुस्तीवाल्यांनी पातळही केल्या. आपण आज ऐकतो तो आवाज देल जेझूचा जितका, तितकाच पुढच्या अनेक अनामिक दुरुस्तीवाल्यांचाही आहे. आमच्या जमातीला याचे श्रेय सहसा मिळत नाही, म्हणून येथे नोंदवून ठेवतो.

आपल्या व्यावहारिक प्रश्नाचे उत्तर: धडाची लांबी साधारण 355 मिलिमीटर, वरच्या कडेपासून तारा पेलणाऱ्या घोडीपर्यंतचे अंतर 195 आणि मानेचे अंतर 130, या शेवटच्या दोन मापांचे तीनास दोन हे प्रमाण अजिबात ढळू देऊ नका, अन्यथा बोटांना सूर सापडणार नाहीत. मानेचा कोन आणि मध्यरेषाही काटेकोर हवी. वरच्या फळीची जाडी अडीच-तीन मिलिमीटरच्या आसपास, पाठीची मध्यभागी साडेचार आणि कडेकडे जाताना कमी, ही मापे सुरुवातीला पाळा. स्क्रोल आणि पर्फलिंग यांत जे चुकेल ते चुकू द्या.

मध्यलय

वरील दोन्ही प्रतिसाद अभ्यासपूर्ण आहेत, तथापि मूळ गृहीतकच तपासून पाहावे असे मला वाटते. देल जेझूचा आवाज श्रेष्ठ आहे, हे आपण सर्वांनी आधीच मान्य करून टाकले आहे आणि मग त्याची कारणे शोधत बसलो आहोत.

2010 मध्ये अमेरिकेत इंडियानापोलिस येथील आंतरराष्ट्रीय स्पर्धेच्या वेळी क्लोडिया फ्रित्झ, व्हायोलिनकार जोसेफ कर्टिन आणि सहकाऱ्यांनी 21 वादकांवर एक प्रयोग केला. सहा व्हायोलिने होती: तीन नवी, दोन स्त्रादिवारीची आणि एक देल जेझूचे. वादकांना गडद चष्मे घातले होते, खोलीत उजेड मंद ठेवला होता. कोणते वाद्य घरी न्यायला आवडेल, असे विचारल्यावर सर्वाधिक पसंती एका नव्या व्हायोलिनला मिळाली आणि सर्वांत कमी एका स्त्रादिवारीला. पुढे 2012 मध्ये पॅरिसजवळ दहा नामवंत एकलवादकांना बारा वाद्ये देऊन असाच प्रयोग झाला, तेव्हा दहापैकी सहा जणांनी नवे वाद्य निवडले. जुने कोणते आणि नवे कोणते, हे ओळखण्यात वादकांचा अंदाज नाणेफेकीपेक्षा फारसा सरस ठरला नाही.

तेव्हा ओबडधोबडपणात रहस्य आहे काय, या प्रश्नाआधी रहस्य आहे काय, हे विचारावे लागते. दीडशेच वाद्ये उरली असतील आणि त्यांतल्या एकावर पागानिनीचा हात फिरला असेल, तर किमती आभाळाला भिडायला आवाजाची गरज पडत नाही.

जुना गज

मध्यलय यांनी दिलेली माहिती बरोबर आहे, पण तिच्यातून काढलेला निष्कर्ष मला थोडा घाईचा वाटतो. त्या प्रयोगांतून आजचे उत्तम कारागीर क्रेमोनाच्या तोडीचे काम करतात एवढे सिद्ध होते. आणि हे आजचे कारागीर कोणाचे नमुने समोर ठेवून काम करतात? बहुतेक वेळा स्त्रादिवारी किंवा देल जेझू यांचेच. शिष्याने गुरूची बरोबरी केली म्हणून गुरूकडे काही नव्हते, असे होत नाही.

सागवान यांच्या प्रश्नाशी अधिक जवळचे संशोधन 2015 मध्ये अमेरिकेतील एमआयटी या संस्थेतून प्रसिद्ध झाले. क्रेमोनाच्या सुमारे दोन शतकांतील 470 वाद्यांची मापे तेथे अभ्यासली गेली. व्हायोलिनच्या पोटातील हवा छिद्रांवाटे बाहेर-आत होते, तेव्हा तिच्या प्रवाहाचा जोर छिद्राच्या कडेलगत अधिक असतो. त्यामुळे छिद्राचे क्षेत्रफळ वाढवण्यापेक्षा त्याची कड लांबवण्याने खालच्या पट्टीतील आवाज अधिक बळकट होतो. जुन्या गोल छिद्रापासून लांब, अरुंद एफपर्यंतचा प्रवास या दिशेने झाला आणि आमातीपासून स्त्रादिवारी व तेथून ग्वार्नेरीपर्यंत छिद्रे हळूहळू लांबत गेली. पाठीची फळी जाड होत गेल्याचेही त्या अभ्यासात आढळले, जे कानस यांच्या निरीक्षणाशी जुळते.

महत्त्वाचा भाग पुढे आहे. हे बदल इतके लहान आहेत की ते हाताने नक्कल करताना होणाऱ्या चुकांच्या मर्यादेत बसतात, असे त्या संशोधकांना दिसले. म्हणजे एखादे छिद्र चुकून किंचित लांब कापले गेले, ते वाद्य बरे वाजले, पुढच्या वेळी तेच नमुना म्हणून समोर ठेवले गेले, अशा क्रमाने दोनशे वर्षांत ही सुधारणा घडली असण्याची शक्यता आहे. कोणीतरी बसून सूत्र मांडले होते, असे मानण्याची गरज पडत नाही. मात्र अशा क्रमासाठी चूक ऐकू येणारा कान आणि ती टिकवून ठेवणारी कार्यशाळा, दोन्ही लागतात. आजोबांपासून नातवापर्यंत एकाच घराण्यात हे काम चालत आले, म्हणून ते शक्य झाले. आपली तिसरी कथा अर्धवट आहे असे मी सुरुवातीला लिहिले ते या अर्थाने. चुकीला त्या घराण्यात काही स्थान होते, पण ती मुद्दाम केलेली नव्हती.

सागवान

सर्वांचे मनापासून आभार. वडिलांनी कोरलेल्या स्क्रोलची हकिकत मी दुकानात मोठ्याने वाचून दाखवली, तेव्हा आमच्याकडील सर्वांत जुन्या कारागिरांनी रंधा खाली ठेवून ती पुन्हा वाचायला लावली.

कानस यांना दोन शंका विचारतो. पाठीसाठी मेपलऐवजी चांगला मुरलेला गडचिरोलीचा साग वापरला तर चालेल का? आमच्याकडे वीस-वीस वर्षे वाळलेल्या फळ्या पडून आहेत. दुसरे असे, की माझ्या सध्याच्या व्हायोलिनची वरची फळी दर मे महिन्यात कडेने उघडते. एका दुरुस्तीवाल्याने ती बाटलीतल्या पांढऱ्या गोंदाने कायमची बसवून देतो असे सांगितले आहे. मी अजून होकार दिलेला नाही.

कानस

होकार देऊ नका. पांढरा गोंद एकदा लाकडाच्या रंध्रांत शिरला की सांधा स्वच्छ उघडत नाही आणि पुढच्या दुरुस्तीला फळीच फाटते. कडेचा सांधा पातळ सरसाने जोडण्याची रीत क्रेमोनापासून चालत आली आहे, ती सांधा उघडता यावा म्हणूनच. पातळ पात्याचा बोथट चाकू आणि थोडे कौशल्य एवढ्यावर दोनशे-तीनशे वर्षांची वाद्ये अनेकदा उघडली आणि मिटली गेली आहेत. आपली फळी मेमध्ये कडेने उघडते, याचा अर्थ सरस आपले काम चोख करतो आहे. बाहेर पंचेचाळीस अंशांची कोरडी झळ आणि खोलीत कूलरची दमट हवा, अशी ये-जा वाद्याला करावी लागली की स्प्रूस आकसतो आणि फुगतो. सांधा सुटला नसता तर तो ताण फळीने तडकून मोकळा केला असता. वाद्य कूलरच्या झोतासमोर ठेवू नये, पेटीत आर्द्रता दाखवणारे लहान यंत्र ठेवावे आणि काटा साधारण चाळीस ते साठ टक्क्यांमध्ये राहील असे पाहावे.

सागाविषयी आपले मन मोडावे लागत आहे. वजनाने चांगला साग मेपलपासून फार दूर नाही, अडचण त्याच्या अंगच्या तेलाची आहे. सरस त्याला भरवशाने धरत नाही आणि एक मिलिमीटरची पट्टी वाकवताना तो मेपलसारखा ऐकत नाही. वरच्या फळीसाठी तर तो विचारातही घेऊ नये, कारण तेथे स्प्रूसचा हलकेपणा आणि लांबीच्या दिशेचा ताठपणा एकत्र हवा असतो. त्या जुन्या फळ्यांचा साचा मात्र उत्तम होईल. साग हवामानाने हलत नाही आणि साच्याकडून नेमकी तीच अपेक्षा असते. ठोकळे साच्याला कायमचे चिकटू नयेत म्हणून तेथे सरसाचा अगदी लहान ठिपका पुरतो आणि सागाच्या तेलाचा तेवढ्यापुरता फायदाच होईल. व्हार्निशसाठी लागणारे जवसाचे तेल आपल्या विदर्भातच मिळते. ते राळेबरोबर शिजवण्याचे काम घराबाहेर, उघड्यावर आणि झाकण हाताशी ठेवून करा, कारण ही वाफ पेट घेते.

धड मिटवण्याची वेळ जपून निवडा. पावसाळ्यात फुगलेली फळी भिंतीवर चिकटवली, तर पुढच्या एप्रिलमध्ये ती आकसू पाहील आणि चारही बाजूंनी बांधलेली असल्यामुळे तडकेल. थोड्या कोरड्या हवेत मिटवलेली फळी पावसाळ्यात फार तर किंचित वर उचलते, ते वाद्याला सोसते. नागपुरात दिवाळीनंतरचे दोन-तीन महिने यासाठी सर्वांत बरे. तोवर पट्ट्या वाकवून भिंत उभी करा आणि दोन्ही फळ्या कोरून, मापांपेक्षा अर्धा मिलिमीटर जाड सोडून, हवेशीर फडताळात उभ्या ठेवा. शेवटचा अर्धा मिलिमीटर काढण्याआधी पाठीच्या फळीची मापे येथे लिहिलीत, तर कोठे थांबायचे ते आपण मिळून ठरवू.